बटण दाबल्यानंतर

४ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

'वन्सं' वाचून तुझं नाक मुरडलं असेल, म्हणूनच लिहिलं. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू दोन वेण्या घालून शाळेत जात होतीस आणि या एवढ्याशा नणंदेला मान द्यायचा म्हणून सगळे मला शिकवत होते. आता तू मोठमोठ्या घरांतले रिमोट बसवणारी बाई झालीस, तरी माझ्यासाठी वन्संच.

पत्र कशाला, असं विचारशील. फोनवर बोलायची सोय नाही. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, हे तू त्यांची लेक असून विसरलीस का? पाय अधू झाला, कान नाही. मी गच्चीवर जाऊन कुजबुजले तरी खाली आल्यावर विचारतात, "काय म्हणत होती ती?" आणि मेसेज करावा तर तुझं उत्तर 'बघते' एवढंच येतं. पत्राला निदान पानभर लिहावं लागतं, तर लिही.

तू गेल्या महिन्यात येऊन चारही खोल्या त्या एका रिमोटला जोडून दिल्यास. दिवे, पंखे, पडदे, टीव्ही, आईंच्या खोलीतला एसी. आई पडल्यापासून डॉक्टरांनी उगाच उठायचं नाही म्हणून बजावलंय, तेव्हा हॉलमधल्या खुर्चीत बसून सगळं घर चालवता यावं, असा तुझा बेत. बेत झकास आहे. पण रिमोटला वेड लागलंय.

दुपारी आई 'आराम' हे बटण दाबतात. त्यानं हॉलमधला टीव्ही बंद व्हायला हवा, आईंच्या खोलीचे पडदे लागायला हवेत, एसी सुरू व्हायला हवा. काल मी बाजारातून आले तर रिकाम्या हॉलमध्ये टीव्ही ओरडतोय आणि आत आई बंद एसीखाली घामाघूम होऊन पडल्यात. परवाही तेच. विचारलं तर म्हणाल्या, "मी बरोबर दाबलं होतं."

तुला कशावर काय अवलंबून आहे ते माहीत आहे, तरी पुन्हा लिहिते, म्हणजे 'बघते' म्हणून सुटणार नाहीस. एक एप्रिलपासून मला लॅबमध्ये परत बोलावलंय. सहा वर्षं घरात काढल्यावर कोणी बोलावलं, यावरच माझा अजून विश्वास बसत नाही. तुझा दादा आठवडाभर बाहेरगावी. जेवण वाढायला खालच्या मजल्यावरच्या बाई येतील, पण बाकी दिवस आई एकट्या. दादानं पुलापलीकडच्या वृद्धांच्या संस्थेत एक खोली बोलून ठेवलीय. वीस मार्चपर्यंत त्यांना हो की नाही ते कळवायचंय. आई एकट्यानं घर सांभाळू शकल्या तर घरी, नाहीतर तिथे. आईंना यातलं काही सांगितलेलं नाही.

तेव्हा तुझा रिमोट शहाणा कर.

तुझी,
वहिनी

१० फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

हे घे पानभर.

माझ्या रिमोटला वेड लागत नाही. मी सध्या ज्या घरात काम करतेय तिथे बावीस खोल्या आहेत, आणि मालकांना त्यांतल्या निम्म्या कुठे आहेत ते सांगता येत नाही, तरी त्यांचं बटण बरोबर चालतं. आपल्या चार खोल्या म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ.

तरी शंका नको. टीव्हीच्या खालच्या काचेवर मी एक छोटा काळा मणी चिकटवलाय, तो बघ. एसीवरही तसाच आहे. कंट्रोलर कपाटात बसून त्या मण्यातून यंत्रांना हुकूम सोडतो. मणी सुटला असेल तर हुकूम पोचणार नाही. साबणाच्या पाण्यानं नको, कोरड्या फडक्यानं पूस. तू पुसतेस ते मला माहीत आहे, वहिनी, तू घासतेस. दुसरं, रिमोट रोज रात्री त्याच्या स्टँडवर ठेव. तिसरं, पडदे हातानं ओढू नका, त्यांची मोटर रुसते.

सगळं करून बघ आणि नेमकं काय होतं ते लिही. 'वेड लागलंय' हे आमच्या धंद्यात दुखणं म्हणून चालत नाही.

दादाला सांग, वीस मार्च अजून लांब आहे. आई त्या संस्थेत चार माणसांत बसून टाळ्या वाजवतेय हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर येत नाही. ती तिकडची सगळी फोनलाइन दुरुस्त करायला घेईल.

तुझ्या नोकरीचं मला फार बरं वाटलं. ते सगळ्यात आधी लिहायला हवं होतं.

तुझी,
वन्सं (नाइलाजानं)

१९ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

मणी जागच्या जागी आहेत. पुसले, घासले नाहीत. रिमोट स्टँडवर झोपतो. पडद्यांना मी बोट लावत नाही.

आता नेमकं काय होतं ते लिहिते, आणि लिहिताना हात जड झालाय. मी समोर उभी असले, 'आई, बसून राहा हं' म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं, की सगळं अगदी तुझ्या बेताप्रमाणे होतं. टीव्ही बंद, पडदे बंद, एसी सुरू. एकदाही चुकत नाही. मी घराबाहेर गेले की परतेपर्यंत सगळं उलटं. मी चार वेगवेगळ्या वेळी जाऊन आले. चारही वेळा उलटं.

म्हणजे दुखणं रिमोटचं नाही. आईंचं आहे.

एकट्या असल्या की त्यांचा गोंधळ उडतो, असं मला वाटायला लागलंय. बटण दाबलं की नाही हे विसरून पुन्हा दाबत असतील. विचारलं की एकच उत्तर, बरोबर दाबलं होतं. काल जरा जोरात म्हणाल्या आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. मी विषय काढणं सोडून दिलंय.

तुझ्या दादाला रविवारी हे सांगितलं. तो म्हणाला, मग त्यांना हो कळवू या. आणि वन्सं, तुझ्यापासून काय लपवायचं, ते ऐकून माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. क्षणभरच. लॅबचा पांढरा कोट डोळ्यांसमोर आला. नंतर मला इतकी लाज वाटली की आईंच्या नजरेला नजर देता येईना. ज्या बाईनं माझ्या आजारपणात मला बसल्या जागी सगळं हातात दिलं, तिला पाठवायचं ठरतंय आणि मला कोट दिसतोय.

चांगली बातमी एकच. डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी पाय दाबून बघितला आणि खूश झाले. म्हणाले, मांडीत चांगली ताकद आलीय, व्यायाम नीट चाललाय वाटतं. आता आई दिवसभर खुर्चीत बसलेल्या, व्यायामाच्या कागदाला त्यांनी हात लावलेला नाही. मी आईंकडे बघितलं. आई छताकडे बघत होत्या.

दादा पुढच्या आठवड्यात संस्थेला कळवणार आहे.

तुझी,
वहिनी

२४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

दादाला थांबव. काहीही सांग, पण थांबव. वीसच्या आधी त्यानं तोंड उघडायचं नाही.

तुझं पत्र वाचून मी आधी रडले. मग राग आला, तुझा नाही, कोणाचा ते कळेना. बावीस खोल्यांच्या मालकांनी विचारलं, डोळे का लाल, तर सांगितलं, तुमच्या वायरिंगची धूळ गेली.

मग मी बसून घरचा कंट्रोलर इथून नेटवर उघडला. मला आईच्या विसरण्याचा पुरावा बघायचा होता, खरं सांगते. त्यात एवढंच दिसतं की रिमोटचं कोणतं बटण कधी दाबलं गेलं. यंत्रानं पुढे काय केलं ते दिसत नाही. रिमोटला बोलता येतं, ऐकू येत नाही. तर आईनं दुपारी 'आराम' दाबलंय. एकदाच. रोज. चुकीचं बटण नाही, दोनदा नाही. तिचं म्हणणं अक्षरशः खरं आहे.

तरी घर उलटं होतं. मग बटण दाबल्यानंतर घरात काहीतरी घडतंय. आणि तूच लिहिलंस की तिच्या पायात ताकद आलीय. खुर्चीत बसून कोणाच्या मांडीत ताकद येत नाही, वहिनी. ती उठते. तू बाहेर गेलीस की ती उठून घरभर फिरते.

एक काम कर. बाजारात जाते म्हणून सांग आणि जाऊ नकोस. आई बटण दाबते की नाही ते बघू नकोस. दाबल्यानंतर काय करते ते बघ. तिचे कान तुला ठाऊक आहेत, तेव्हा बांगड्या काढून ठेव.

तुझी,
वन्सं

३ मार्च

प्रिय वन्सं,

बघितलं.

बांगड्या काढल्या, पिशवी घेतली, 'येते हं' म्हणून दार ओढल्याचा आवाज केला आणि चपला हातात घेऊन स्वयंपाकघरामागच्या बाल्कनीत जाऊन उभी राहिले. तिथल्या खिडकीतून हॉल दिसतो आणि उघड्या दारातून आईंची खोलीही. स्वतःच्याच घरात चोरासारखी उभी होते.

आईंनी थोडा वेळ कानोसा घेतला. मग वॉकर ओढून उठल्या. टीव्हीपाशी गेल्या, त्याच्या खालचं बटण बोटानं दाबून तो बंद केला. खुर्चीशी आल्या, चष्मा लावला, रिमोटवर 'आराम' शोधून दाबलं, आणि लगेच वॉकर घेऊन आपल्या खोलीकडे निघाल्या. त्यांची पाठ वळली आणि मागे टीव्ही पुन्हा उजळायला लागला. त्याला जाग यायला वेळ लागतो ना, तोवर त्या आत पोचलेल्या.

आत पडदे हळूहळू सरकत होते. एसी गप्प. आईंनी हाताला येणाऱ्या त्या जुन्या एसीवर तळवा ठेवला, कान जवळ नेला, थांबल्या. काहीच नाही. मग त्यांनी एसीचंच बटण दाबलं. तो सुरू झाला. आईंनी मान हलवली, काम झालं म्हणून. पडदे टोकाला जाऊन थांबले, आणि दुसऱ्याच क्षणी एसी आपोआप बंद पडला. तेवढ्यात हॉलमधून टीव्हीचा आवाज आला.

त्या अर्धवट अंधारात आई भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. रागावल्या नाहीत. आपला हात तेवढा चष्म्याजवळ नेऊन उलटसुलट करून बघितला. मग कपाट उघडलं. खाली एक बॅग होती, भरलेली. तिच्यात त्यांनी जुना चष्मा टाकला, चेन लावली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बाल्कनीत ऊन लागेल. आत ये."

मी चपला हातात घेऊनच आत गेले. बॅग कशाला, असं विचारलं. त्या पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, "पुलापलीकडे न्यायला. तुझ्या नवऱ्याचा आवाज फोनवर फार चढतो. जानेवारीतच कळलं मला."

मग म्हणाल्या, "जायचं का, असं मला कोणी विचारलं नाही, म्हणून मीही काही बोलले नाही. डोकं चालेनासं झालं असेल तर जाईन मी, तुझी नोकरी अडवणार नाही. पण बटण मी बरोबर दाबलं होतं. तेवढं तिला लिही."

वन्सं, मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. त्या मला थोपटत होत्या आणि मध्येच म्हणाल्या, टीव्ही तेवढा बंद कर.

काय चाललंय ते मला अजून कळलेलं नाही. तुला कळत असेल तर लवकर लिही, आणि मला नको, त्यांनाच लिही.

तुझी,
वहिनी

८ मार्च

ती. आईस, सादर नमस्कार.

तू बटण बरोबर दाबलं होतंस. रोज. हे मी आधी लिहिते, बाकी कारण खाली आहे.

आपल्या टीव्हीला आणि एसीला चालू करायचा वेगळा आणि बंद करायचा वेगळा असा हुकूम मी दिला नव्हता. एकच हुकूम होता: चालू असशील तर बंद हो, बंद असशील तर चालू हो. यंत्राची खरी अवस्था काय आहे ते रिमोटला दिसत नाही, तो मनाशी धरून चालतो. तू टीव्ही आधी हातानं बंद केलास, मग रिमोटनं तोच हुकूम सोडला, आणि बंद टीव्ही चालू झाला.

एसीचं त्याहून वाईट. जुन्या वायरिंगवर एकदम भार नको म्हणून मी त्याचा हुकूम सगळ्यात शेवटी ठेवला होता, पडदे पूर्ण लागल्यावर. तू त्याआधीच खोलीत पोचत होतीस. तो मुका दिसला म्हणून तू लावलास, आणि मागून माझा हुकूम आला नि त्यानं तो बंद केला. तू खुर्चीत बसून राहिलीस तेव्हा सगळं बरोबर झालं, कारण मध्ये कोणी आलं नाही.

यात तुझं डोकं कुठेच चुकलेलं नाही. चुकलं ते माझं. बटण दाबल्यावर 'चाललंय, थांब' असं सांगणारी एक ओळ रिमोटच्या स्क्रीनवर येते, आणि हुकूम पोचल्यावर एसी एक बारीक आवाज करतो. दोन्ही मी स्वतः बंद केली होती. मी ज्या घरांत काम करते तिथल्या लोकांना यंत्र दिसायला नको असतं, ऐकू यायला नको असतं. त्याच सवयीनं तुझ्याही घरात मी सगळं मुकं करून टाकलं, आणि तू तिथे राहणारी, तुला विचारलं नाही.

आता काय केलंय ते सांगते. टीव्हीसाठी वेगळा 'चालू' आणि वेगळा 'बंद' हुकूम शोधून काढला, तो इथूनच भरला. आता तू आधी हातानं बंद केलास तरी तो बंदच राहील. एसीला तसा हुकूम नाही, म्हणून त्याच्यासाठी एक प्लग पाठवतेय, तो वायरमन बसवून देईल. एसीत वीज वाहतेय की नाही हे त्या प्लगला कळतं. आधीच चालू असेल तर कंट्रोलर हुकूमच सोडणार नाही. आणि एसी खरोखर लागला की रिमोटवरचा हिरवा दिवा पेटेल. नुसतं दाबल्यानं पेटणार नाही. आवाजही परत सुरू केलाय.

आता तरी विचारते. तुला या घरात काय कसं हवंय ते सांग. आणि तू उठून का जातेस, तेही. तू पुन्हा पडशील म्हणून माझा जीव वर-खाली होतो.

तुझी,
ठकू

१५ मार्च

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. प्लग पोचला. वायरमननं बसवला. त्याला दोनदा तपासायला लावलं, तो वैतागला.

उठून का जाते, ते सांगते. एक्स्चेंजमध्ये आमच्यासमोर बोर्ड असे. बोर्डावर दिवा लागला की वायर खोचायची. वायर खोचली म्हणजे फोन जोडला असं नसे. पाठीमागे आमच्या मुख्य बाई फिरायच्या. खोचून लगेच पुढच्या दिव्याकडे वळलं की त्या खांद्याला पेन्सिल टोचायच्या. दोन्हीकडची माणसं बोलली हे ऐकायचं, मगच आपला कान काढायचा, असा नियम. माझ्या शेजारच्या टेबलावर एक होती, तिनं घाईत एकदा न ऐकताच सोडून दिलं. एक गृहस्थ बराच वेळ मुक्या तारेत आपल्या मुलीशी बोलत राहिले. मुलीला काही पोचलं नाही. ते ध्यानात राहिलं. तेव्हा बटण दाबलं आणि बसून राहिले, हे मला या जन्मी जमायचं नाही. आणि उठण्याआधी टीव्ही हातानं बंद करणं हेही तेच. आधीची लाइन मोकळी करायची, मग पुढची जोडायची.

तुम्ही दोघी माझ्याबद्दल पत्रं लिहिता ते मला माहीत होतं. पाकिटं मीच दारातून उचलत होते. वाचली नाहीत. जोडण्यापुरतं ऐकायचं, पुढचं बोलणं ऐकायचं नाही, हाही नियमच होता. फोनवर तुझ्या दादानं माझ्या खोलीशेजारी उभं राहून ओरडावं, त्याला माझा इलाज नाही.

डोकं गेलं असं मलाही वाटलं होतं. तुला खोटं कशाला सांगू. घरात कोणी नसताना मी स्वतःची परीक्षा घ्यायचे. इस्पितळाचा जुना नंबर, अग्निशमनचा, स्टेशनचा, तुझ्या शाळेचा. सगळे आठवायचे. मग रिमोट घ्यायचे, नीट दाबायचे, आणि आत जाऊन बघते तर उलटं. नंबर आठवतात आणि हात भलतंच करतात, याला काय म्हणायचं ते कळेना. पुन्हा हात लावायचा धीर होत नसे, तशीच पडून राहायचे. फार एकटं वाटायचं. तुझे बाबा गेले तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं, कारण तेव्हा मी तरी माझ्याजवळ होते. म्हणून बॅग भरली. कोणी हाताला धरून न्यायच्या आत आपण होऊन उठावं, एवढंच मनात होतं.

आता तुझं नवीन काम. बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. तरी मी गेले. एसी चालू होता. दुसऱ्या दिवशी गेले, चालू होता. मी जातच राहणार आहे. हिरवा दिवा खरं बोलतो असं माझ्या मनानं घेईपर्यंत जाईन आणि त्यानंतरही जाईन. डॉक्टरांना हे आता सांगितलंय. ते म्हणाले, वॉकर घेऊन फिरायला हरकत नाही, उलट फिरा. मग तेव्हा घाबरवलं कशाला, असं मी विचारलं. वाटेतलं पायपुसणं तेवढं काढायला सांगितलं, ते वहिनीनं काढलं.

काल शनिवारी तुझ्या दादाला समोर बसवलं. दुपारभर त्यानं काही करायचं नाही, नुसतं बघायचं, असं ठरवलं. मी सगळं केलं. त्यानं बघितलं. मग मी त्याला विचारलं, पुलापलीकडे माझ्या हातात असा रिमोट असेल का. तो म्हणाला, तिथे सगळं दुसरी माणसं करतात, आई. मी म्हटलं, मग मी तिथे दिवसभर करू काय? तो मान खाली घालून बसला. लहानपणी काच फोडल्यावर बसायचा तसा. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो वाईट नाही, तो घाबरला होता. मग त्यानं त्यांना फोन करून खोली नको म्हणून सांगितलं. मी शेजारी उभी राहून ऐकलं. फोन नीट लागला होता.

बॅगेतलं सामान परत कपाटात लावलं. बॅग वहिनीला दिली, तिला लॅबमध्ये डबा न्यायला उपयोगी पडेल.

काय हवंय विचारलंस. हॉलमधल्या दिव्याचं बटण फार खाली आहे, ते वर घे. आणि एक. तू फोन करतेस, 'कशी आहेस' म्हणतेस, आणि मी तोंड उघडायच्या आत तुझ्या त्या बावीस खोल्या सुरू करतेस. मी 'बरी आहे' म्हणते ते तुला ऐकू आलं की नाही, हे मला कधी कळत नाही. एवढी दुरुस्ती जमली तर कर.

आई

२ एप्रिल

प्रिय वन्सं,

हे पत्र लॅबच्या टेबलावर बसून लिहितेय. पांढरा कोट थोडा घट्ट होतो. सहा वर्षांत शरीरानं आपला कारभार वाढवलाय, त्याला कोण काय करणार. काल पहिल्या दिवशी सुई हातात घेतली आणि पहिल्याच टोचणीत शीर सापडली.

तू परवा आईंशी फोनवर बोललीस म्हणे. आईंनी मला तीनदा सांगितलं. बराच वेळ काही बोललीच नाही ती, म्हणाल्या, मला वाटलं लाइन तुटली. नंतर म्हणाल्या, ऐकत होती. तुझ्या दादालाही सांगितलं, खालच्या बाईंनाही सांगितलं. तू काय ऐकलंस ते मी विचारणार नाही, पण रोज नाही जमलं तरी तसा फोन करत जा.

हॉलच्या दिव्याचं बटण वर गेलं. आई म्हणतात, जरा जास्तच वर गेलं.

आज जेवणाच्या सुट्टीत घरी फोन केला. मनात धाकधूक होतीच, ती एवढ्यात जायची नाही. आईंनी उचलला. जेवण झालं का, विचारलं. झालं. पाय दुखतोय का. नाही. 'आराम' दाबलंत का, असं विचारलं तर म्हणाल्या, "दाबलं. हिरवा लागलाय. थांब, बघून येते."

आणि फोन न ठेवता निघाल्या. मला काम होतं, टेबलावर नळ्या वाट बघत होत्या. तरी मी फोन कानालाच धरला. वॉकरची टकटक हॉलमधून आत गेली. मग काहीच नाही. मी फोन कानावर आणखी दाबला. शेजारचीनं खुणेनं विचारलं, काय झालं, आणि मी तिला हातानं थांबवलं.

मग टकटक पुन्हा सुरू झाली आणि जवळ जवळ येत गेली. आई फोनपाशी आल्या आणि म्हणाल्या, "लागलाय. जा आता कामाला."

तुझी,
वहिनी